न्हाव्यांनी वस्तरा खाली ठेवला तेव्हा

या आठवड्याच्या भागाचा हा लेखी मजकूर. एसटीत ज्यांची रेंज जाते, किंवा ऑफिसात ज्यांना कानात इअरफोन घालता येत नाहीत, त्यांच्यासाठी. बोलताना जे इकडचं तिकडं झालं होतं ते थोडं सरळ केलंय. बाकी सगळं तसंच आहे.

आपल्याकडे एखाद्या मुलीची छेड काढली गेली, किंवा एखाद्या बाईला घरात मारहाण होत असली, की आपण कोणाकोणाची नावं घेतो? घरचे. पोलीस. फारच झालं तर कोर्ट. दुकानदाराचं नाव कोणी घेत नाही. पण जरा विचार करा. मागं कोणी लागलंय म्हणून घाबरलेली मुलगी पहिल्यांदा शिरते कुठं? मेडिकलमध्ये. झेरॉक्सच्या दुकानात. चहाच्या टपरीवर. पोलीस स्टेशन नंतर येतं, आणि घर तर बऱ्याचदा सगळ्यात शेवटी. म्हणजे पहिला साक्षीदार आणि पहिला मदतनीस हा व्यापारी माणूस असू शकतो. तो काय करतो, यावर पुढचं बरंच काही ठरतं.

ही काही नवी गोष्ट नाही. आज मी तुम्हाला तीन धंद्यांची गोष्ट सांगणार आहे: एक छापखाना, एक ठेकेदारी आणि एक न्हाव्याचा वस्तरा. तिन्ही एकोणिसाव्या शतकातले, आणि सुरुवात आपल्या बुलढाण्यातून. मी मूळची चिखलीची, बी.टेक. करून सध्या पुण्यात कोड लिहिते. त्यामुळे गोष्टीत अधूनमधून कॉम्प्युटर डोकावला तर सांभाळून घ्या.

बुलढाणा, साल १८८२

वऱ्हाड १८५३ साली निजामाकडून इंग्रजांकडे आला. पुढं अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस अडला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८७० साली खामगावपर्यंत रेल्वे आली, ती या कापसासाठीच. घाटाखाली असा पैसा खुळखुळत होता, आणि घाटावर बुलढाणा हे जिल्ह्याचं ठाणं होतं. डेप्युटी कमिशनरची कचेरी, कारकून, फायली, थंड हवा. बुलढाणा शहरात रेल्वे तेव्हाही नव्हती, आजही नाही.

त्या कचेरीत बापूजी हरी शिंदे नावाचे हेडक्लार्क होते. सुधारक विचारांचे गृहस्थ. १८७१ साली त्यांनी 'हिंट टू द एज्युकेटेड नेटिव्हज' नावाचं पुस्तक काढलं होतं. पुण्यात ज्योतीराव फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज काढला, त्याच्याशी हे घर जोडलेलं होतं. बापूजींनी आपल्या मुलीला घरीच मराठी, संस्कृत आणि इंग्रजी शिकवलं. तिचं नाव ताराबाई.

ताराबाई शिंदे यांचं नाव आता स्पर्धा परीक्षेच्या गाईडमध्ये एका ओळीत येतं: 'स्त्रीपुरुष तुलना', १८८२. आपण पाठ करतो आणि पुढच्या प्रश्नाकडे जातो. पण ते पुस्तक का लिहिलं गेलं, हे समजलं तर ती ओळ विसरता येत नाही.

१८८१ साली सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेवर खटला चालला. तिला दिवस गेले होते. मूल जन्मलं आणि लोकलाजेच्या भीतीनं तिनं ते मारलं, हा आरोप. कोर्टानं फाशी सुनावली. अपिलात फाशी टळली आणि काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्या मुलाचा बाप मात्र कुठल्याच पिंजऱ्यात उभा नव्हता. वर्तमानपत्रांतून चर्चा सुरू झाली ती बायकांच्या चालचलणुकीची. 'पुणे वैभव' नावाच्या सनातनी पत्रानं स्त्रियांना झोडपून काढलं.

आजच्या भाषेत सांगायचं तर, जिच्यावर बेतलं तिलाच ट्रोल केलं गेलं.

बुलढाण्यात बसलेल्या ताराबाईंनी हे वाचलं आणि उत्तर लिहायला घेतलं. त्यांचा प्रश्न साधा होता. बायको मेली तर पुरुष दुसरं, तिसरं लग्न करतो. नवरा मेला तर बाईनं केस उतरवायचे, कोपऱ्यात बसायचं आणि अशा बाईला फसवणारा पुरुष सभ्य म्हणून मिरवणार. मग दोष सगळा बाईच्याच पदरात का? हे त्यांनी पंडिती भाषेत विचारलं नाही. ओसरीवर बसून एखादी फटकळ बाई बोलेल, तशा रोखठोक मराठीत विचारलं. शास्त्रं, पुराणं, नाटकं, कादंबऱ्या, नव्यानं शिकलेले साहेबी पुरुष, कोणालाही सोडलं नाही.

लिहून झालं. आता ते छापणार कोण?

छापखान्यावरचं नाव

इथं आपला पहिला धंदा येतो. पुण्याचा श्री शिवाजी छापखाना. 'स्त्रीपुरुष तुलना' तिथं छापलं गेलं. पाचशे प्रती, किंमत नऊ आणे. सोळा आण्यांचा एक रुपया, म्हणजे अर्ध्या रुपयाहून थोडी जास्त किंमत.

छापखाना म्हणजे काही देवळातली दानपेटी नाही. तिथं खिळे विकत घ्यावे लागतात, कागद घ्यावा लागतो, जुळाऱ्याला पगार द्यावा लागतो. पाचशे प्रती अंगावर पडल्या तर तोटा. आणि त्यात हे पुस्तक असं की वाचून निम्मं गाव भडकणार.

अजून एक गोष्ट होती. १८६७ साली इंग्रज सरकारनं छापखान्यांचा आणि पुस्तकांचा कायदा केला होता. प्रत्येक पुस्तकावर छापणाऱ्याचं नाव आणि छापलेली जागा टाकणं सक्तीचं. किती प्रती काढल्या, किंमत काय, हेही सरकारदरबारी नोंदवायचं. म्हणजे गुपचूप छापून हात झटकायची सोय नव्हती. ताराबाईंच्या शब्दांची जबाबदारी जितकी त्यांची, तितकीच कागदावर छापखान्याचीही. कुणाला राग आला तर कुठल्या दारावर जायचं, हे पुस्तकावरच छापलेलं.

खिळे जुळवणाऱ्या माणसानं त्या पुस्तकातलं अक्षर न् अक्षर हातानं उचललं असणार, उलटं वाचलं असणार. मला त्या अनामिक जुळाऱ्याबद्दल फार कुतूहल वाटतं. पण मुद्दा असा की एका त्रासलेल्या, बदनाम केलेल्या स्त्रीच्या बाजूनं बोलणारा आवाज बुलढाण्याच्या घाटावरून खाली उतरला, तो एका धंदेवाल्यानं आपलं यंत्र दिलं म्हणून. छापखान्यानं तिच्यासाठी भाषण केलं नाही. जे रोज करतो तेच काम केलं, फक्त या कामाला नाही म्हटलं नाही.

पुस्तकावर टीका झाली, नाकं मुरडली गेली. ज्योतीराव फुल्यांनी १८८५ साली 'सत्सार'च्या दुसऱ्या अंकात ताराबाईंची जाहीर बाजू घेतली. पण ताराबाईंचं दुसरं पुस्तक आलं नाही, आणि हे पहिलंही हळूहळू विस्मरणात गेलं. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा उजेडात आणलं. १९९४ साली रोझालिंड ओ'हॅन्लन यांचा इंग्रजी अनुवाद आला आणि बुलढाण्याच्या या बाईचं नाव जगभरच्या विद्यापीठांत पोचलं. छापलेलं होतं म्हणून सापडलं. हस्तलिखितच राहिलं असतं तर वाळवीनं खाल्लं असतं.

ठेकेदाराचं आवार

आता थोडं मागं जाऊ, वीसेक वर्षं. कारण विजयालक्ष्मीसारखी गोष्ट पुण्यात आधीच घडून गेली होती.

ज्योतीरावांच्या गोवंडे नावाच्या मित्राकडे काशीबाई ही ब्राह्मण विधवा स्वयंपाकाला होती. एका शास्त्रीबुवानं तिला नादी लावलं. दिवस गेले. गर्भ पाडायचे उपाय फसले. मूल झालं आणि तिनं ते मारून विहिरीत टाकलं. खटला झाला, आणि तिला जन्मठेपेवर अंदमानला पाठवलं. ही हकिकत स्वतः ज्योतीरावांनी डिसेंबर १८८४ मध्ये सरकारला दिलेल्या लेखी मतात नोंदवली आहे.

यावर ज्योतीराव आणि सावित्रीबाई यांनी काय केलं? १८६३ साली स्वतःच्या आवारात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. पुण्यात त्याच्या जाहिराती लावल्या. विधवांनी इथं यावं, गुपचूप बाळंत व्हावं, मूल न्यायचं तर न्यावं, ठेवायचं तर ठेवून जावं. ज्योतीरावांच्या त्या लेखी मतानुसार तोवर पस्तीस विधवा तिथं आल्या होत्या, आणि त्यांच्या मुलांपैकी पाच जगली होती. हा आकडा मोठा नाही. पण पस्तीस बायका अंदमानच्या आणि फासाच्या वाटेवरून मागं फिरल्या, असं वाचून बघा.

यातल्याच एका विधवेचा मुलगा फुले दांपत्यानं दत्तक घेतला. तो यशवंत. पुढं डॉक्टर झाला.

हे सगळं तुम्हाला शाळेत कमीजास्त सांगितलेलं असतं. जे सहसा सांगत नाहीत ते असं की ज्योतीराव फुले व्यावसायिक होते. घरचा फुलांचा आणि शेतीचा व्यवसाय होताच. त्यांनी धातूच्या ओतकामाच्या साच्यांची एजन्सी घेतली. 'पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनी' चालवली. खडकवासला धरणाच्या कामाला माल पुरवला. कात्रजचा बोगदा, येरवड्याचा पूल या कामांशीही त्यांच्या कंपनीचं नाव जोडलं जातं. दगड, चुना, मजूर, बिलं, थकबाकी, हे सगळं त्यांनी केलं.

म्हणून त्यांना वर्गणीच्या पावत्या घेऊन सनातनी शेठजींच्या दारात उभं राहावं लागलं नाही. ते घर त्यांच्या कमाईवर आणि सावित्रीबाईंच्या कष्टांवर उभं होतं. बाळंतपणं, रडणारी पोरं, रात्री-अपरात्री दार वाजवणाऱ्या बाया, हे ज्या घरात चालतं त्या घरच्या बाईला काय सोसावं लागलं असेल, याचा हिशेब कुठल्याच वहीत नाही.

त्या घराची मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट म्हणजे तिथं बाईला आधी प्रश्न विचारले जात नव्हते. बाप कोण, कुठल्या घरची, असं का केलंस, यातलं काही सांगितल्याशिवाय दार उघडत होतं. हे डोक्यात ठेवा. शेवटी आपल्याला परत लागणार आहे.

वस्तरा

आता तिसरा धंदा, आणि माझ्या मते यातला सगळ्यात धाडसी.

तुम्हाला-मला रविवारची सुट्टी कोणामुळे मिळते, माहितीये? नारायण मेघाजी लोखंडे. 'दीनबंधु' पत्राचे संपादक, सत्यशोधक कार्यकर्ते. १८८४ साली त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि १० जून १८९० पासून गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली. त्याच १८९० सालात, त्याआधी दोनतीन महिने, लोखंड्यांच्या पुढाकारानं मुंबईत एक वेगळीच सभा भरली. न्हाव्यांची सभा.

विषय होता केशवपन. ब्राह्मण आणि त्यांचं अनुकरण करणाऱ्या काही जातींत नवरा मेला की बाईचं डोकं भादरायचं. एकदाच नाही, केस वाढले की पुन्हा, मरेपर्यंत. दहा-बारा वर्षांच्या बालविधवा रडत, हातपाय झाडत बसायच्या आणि घरचेच त्यांना धरून ठेवायचे. हे कोणाच्या हातानं व्हायचं? न्हाव्याच्या.

म्हणजे बघा. नियम शास्त्री सांगणार, हुकूम सासरा सोडणार, पण वस्तरा न्हाव्याचा. सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगते. कितीही मोठी सिस्टीम असली तरी ती कुठल्यातरी छोट्या सर्व्हिसवर अवलंबून असते. ती सर्व्हिस उत्तर द्यायची थांबली की वरचा सगळा डोलारा लटकतो. केशवपनाची ती छोटी सर्व्हिस न्हावी होता, आणि हे लोखंड्यांनी अचूक हेरलं.

सभेला चारशे-पाचशे न्हावी जमले. विधवांचे केस उतरवणं हे पाप आहे, यापुढं आपण त्यांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही, असं तिथं ठरलं. लंडनच्या 'टाइम्स'नेही या सभेची दखल घेतली.

हे करणारी माणसं कोण होती ते लक्षात घ्या. सावकार नव्हे, वकील नव्हे. हातावर पोट असलेले कारागीर. जातीच्या उतरंडीत ज्यांना खाली बसवलं होतं, त्यांनी वरच्या घरांतल्या गिऱ्हाइकाला नाही म्हटलं. एका कामाला नाही म्हटलं की बाकीची गिऱ्हाइकीही तुटू शकते, हे त्यांना न कळण्यासारखं नव्हतं. घरटी ठरलेली गिऱ्हाइकं, त्यावरच चूल. त्यात त्यांच्या स्वतःच्या मानाचाही प्रश्न होता. जे काम करताना हात थरथरतो ते आम्हीच का करायचं, हा सवाल त्यांनी केला.

केशवपन दुसऱ्या दिवशी बंद झालं का? नाही झालं. विसाव्या शतकातही ते चालू राहिलं. जुन्या फोटोंमध्ये डोक्यावरून आलवण घेतलेल्या आज्ज्या तुम्ही पाहिल्या असतील. पण १८९० पासून एक गोष्ट बदलली. आम्ही तर नुसतं काम करतो, बाकीशी आमचा काय संबंध, असं म्हणायची सोय राहिली नाही. कारण चारशे-पाचशे माणसांनी उघड सांगितलं होतं की संबंध आहे.

एकशेतीस वर्षांनी, मेडिकलच्या काउंटरवर

आता एकदम आपल्या काळात येऊ, आणि जरा देशाबाहेर. कारण न्हाव्यांनी जे केलं त्याचे नवे अवतार तिकडं दिसतात.

२०१६ साली इंग्लंडच्या लिंकनशर परगण्यात पबच्या स्वच्छतागृहात पोस्टर लागली. सोबतच्या माणसाची भीती वाटतेय? काउंटरवर जाऊन अँजेला आहे का, असं विचारा. अँजेला नावाचं कोणी नसतंच. पण स्टाफला कळतं की हिला इथून सुखरूप बाहेर काढायचंय. टॅक्सी बोलावतात, मागच्या दारानं सोडतात.

२०२० साली लॉकडाउन लागला आणि घरात कोंडलेल्या बायकांचे हाल वाढले. फोन करायचा तर मारणारा समोरच बसलेला. तेव्हा स्पेनच्या कॅनरी बेटांवर एक युक्ती निघाली. बाईनं मेडिकलमध्ये जाऊन 'मास्क १९' मागायचा. एवढं ऐकलं की दुकानदार मदत बोलावणार. पाठोपाठ ब्रिटनच्या औषध दुकानांतही जानेवारी २०२१ मध्ये असाच सांकेतिक शब्द सुरू झाला.

आणि आपल्या न्हाव्यांच्या धंद्याची गोष्ट ऐका. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यानं २०१७ पासून पार्लर आणि सलूनमध्ये काम करणाऱ्यांना, लायसन्ससाठी, घरगुती हिंसा ओळखण्याचं एक तासाचं प्रशिक्षण सक्तीचं केलं. का? कारण केसांखालची जखम, मानेवरचा वळ आधी कोणाला दिसतो, तर केस कापणाऱ्याला. आणि खुर्चीत बसलेली बाई त्याच्याशी किंवा तिच्याशी जे बोलते ते सख्ख्या बहिणीलाही सांगत नाही.

आपल्या गल्लीतलं दुकान

परत बुलढाणा जिल्ह्यात येऊ. चिखली, मेहकर, मलकापूर, खामगाव, देऊळगाव राजा, कुठलंही गाव घ्या. खेड्यातली मुलगी सकाळच्या एसटीनं कॉलेजला येते. दिवसभरात तिचा संबंध कोणाकोणाशी येतो? झेरॉक्सवाला, मोबाइल रिचार्जवाला, अभ्यासिका चालवणारा, मेसवाल्या काकू, पार्लरवाली ताई, ऑटोवाले भाऊ, मेडिकलवाले. सगळे धंदेवाले.

आम्ही मुली रिचार्जला जायचो तेव्हा स्वतःचा नंबर मोठ्यानं सांगायला कचरायचो. शेजारी उभ्या असलेल्या पोरानं ऐकला की रात्री मिसकॉल सुरू. आणि काउंटरवर उघडी पडलेली वही, ज्यात सगळ्यांचे नंबर ओळीनं. दुकानदारानं ती वही मिटून ठेवणं, नंबर कागदावर लिहून घेऊन फाडून टाकणं, एवढ्यानं कितीतरी जणींचा त्रास वाचला असता. आता रिचार्ज घरबसल्या होतो, पण झेरॉक्सच्या दुकानात आधार कार्ड व्हॉट्सअॅपवर पाठवायला सांगतात ना? नंबर, पत्ता, फोटो, सगळं त्या मोबाइलमध्ये राहतं. प्रिंट काढली की समोरच डिलीट करून दाखवा. एक पैशाचा खर्च नाही.

मुलीला घरी सांगायची भीती का वाटते, हेही दुकानदारांना कळायला हवं. ती काही चुकली म्हणून घाबरत नाही. घरी कळलं तर कॉलेज बंद होईल म्हणून घाबरते. त्रास देणारा पोरगा चौकात तसाच उभा राहणार आणि हिचा पास कॅन्सल. पुढच्या उन्हाळ्यात लग्न. म्हणून दुकानदारानं चांगल्या हेतूनं परस्पर तिच्या वडलांना फोन लावला, तर कधी कधी मदतीचाच घात होतो. आधी तिला विचारा, बाई, कोणाला फोन लावू? मैत्रीण, मामा, मॅडम, पोलीस, ती सांगेल त्याला लावा. फुल्यांच्या घरात आधी दार उघडत होतं आणि प्रश्न नंतर, ते म्हणून लक्षात ठेवायला सांगितलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, दुकानदार लफड्यात पडेल कशाला? 'आपल्याले काय करायचं बाप्पा', हे वाक्य आपल्याकडे प्रत्येक काउंटरवर ऐकू येतं. साक्षीला बोलावतील, कोर्टात खेटे घालावे लागतील, गिऱ्हाईक तुटेल. ही भीती खोटी नाही. म्हणून कायद्यातल्या काही गोष्टी सांगते, त्या फॉरवर्ड करा.

पहिली. घरगुती हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा. त्याच्या कलम ४ नुसार, एखाद्या बाईला घरात त्रास होतोय असं सकारण वाटलं तर कोणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतं. शेजारी, दुकानदार, कोणीही. आणि प्रामाणिक हेतूनं कळवलं असेल तर कळवणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. हे त्याच कलमात लिहिलेलं आहे.

दुसरी. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा. हा फक्त माझ्यासारख्या आयटीवाल्यांसाठी आहे असा समज आहे, तो चुकीचा. कापड दुकानातल्या सेल्सगर्लला, डॉक्टरकडच्या रिसेप्शनवरच्या ताईला, जिनिंगमध्ये रोजानं जाणाऱ्या बाईलाही तो लागू आहे. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर मालकानं अंतर्गत समिती नेमायची. दहापेक्षा कमी असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. तक्रार साधारण तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची. दुकानात आलेल्या ग्राहक महिलेलाही हा कायदा संरक्षण देतो, ती तिथं नोकरीला असायची गरज नाही.

तिसरी, नंबर. तातडीचं काही असेल तर ११२. महिलांसाठी १८१. अठरा वर्षांखालचं मूल असेल तर १०९८. शिवाय 'सखी' वन स्टॉप सेंटर ही योजना २०१५ पासून आहे. तिथं डॉक्टर, पोलीस, वकील, समुपदेशन आणि थोडे दिवस राहायची सोय एकाच छताखाली मिळावी, अशी रचना आहे.

चौथी गोष्ट कायद्यातली नाही, माझ्या धंद्यातली आहे. दुकानाबाहेर सीसीटीव्ही आहे ना? त्याचं रेकॉर्डिंग कायम राहत नाही. जागा भरली की नवं रेकॉर्डिंग जुन्यावर चढतं. कोणाच्या डोळ्यांदेखत काही घडलं असेल तर त्याच दिवशी तेवढा तुकडा पेनड्राइव्हवर वेगळा काढा, तारीख-वेळ लिहून ठेवा, आणि पोलिसांशिवाय कोणाला देऊ नका. व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर अजिबात नाही. तो व्हायरल झाला की त्रास त्याच मुलीला पुन्हा होतो, या वेळी अख्ख्या तालुक्यासमोर.

आणि एक उलटा मुद्दा. त्रास देणारा कधी कधी काउंटरच्या आतल्या बाजूलाही असतो. ट्रायल रूममध्ये मोबाइल ठेवणारा, सामान देताना मुद्दाम हात लावणारा, कामावरच्या मुलीला उशिरापर्यंत थांबवून घेणारा. वस्तरा कोणाच्या हातात आहे, हा प्रश्न तेव्हाच्या न्हाव्यांनी स्वतःलाच विचारला होता. पोस्टर लावण्याआधी प्रत्येक दुकानानं तो स्वतःच्या स्टाफला विचारावा.

एवढं सगळं सांगितलं ते कशासाठी? छळ करणाऱ्याला नेहमी कोणाच्यातरी सेवेची नाहीतर गप्प बसण्याची गरज पडते. सासऱ्याला न्हावी लागत होता. विजयालक्ष्मीला बदनाम करणाऱ्यांना छापखाने लागत होते. आजच्या रोडरोमिओला नंबर देणारा दुकानदार लागतो, नाहीतर सगळं बघून न बघितल्यासारखं करणारी टपरी लागते. आणि दुसऱ्या बाजूला, ताराबाईंनाही छापखाना लागला होता. पस्तीस विधवांना एका ठेकेदाराचं आवार लागलं होतं. तोच धंदा, तीच हत्यारं.

या कामाची किंमत मोजावी लागते, हेही खरं आहे. छापखान्यानं टीका झेलायची तयारी ठेवली, फुल्यांनी पैसा आणि घर दिलं, न्हाव्यांनी मजुरी सोडली. फुकट कोणीच काही केलं नाही. त्या मानानं तुमच्याकडून मागणं फार कमी आहे: आत एक स्टूल, भिंतीवर तीन नंबर, मिटलेली वही, आणि 'बस बाई, पाणी घे' एवढे शब्द.

या आठवड्यात एक काम करा. तुमच्या कॉलेजजवळचं, स्टँडजवळचं एक दुकान निवडा, जिथं तुमची रोजची ओळख आहे. त्या दादांना, काकूंना हा भाग ऐकवा. ऐकायला वेळ नाही म्हणाले तर न्हाव्यांची गोष्ट तोंडी सांगा, दोन मिनिटांत होते. आणि ११२, १८१, १०९८ हे तीन आकडे जाड मार्करनं कागदावर लिहून त्यांच्या काउंटरच्या काचेला चिकटवायची परवानगी मागा. हो म्हणाले तर चिकटपट्टी तुमची.

पुढच्या भागात भेटू. काळजी घ्या.